गडद लाल देशांत आठ दिवस

पहिला दिवस : मुंबई – आदिस अबाबा – जोहान्सबर्ग

निघताना जाऊबाईंनी हातात कागदाची पुडी ठेवली. आत सहा डिस्पोजेबल सिरिंजा. "तिकडं सुई टोचायची वेळ आलीच तर यातलीच वापरायला सांगा. काय सांगावं बाई!" मी मिरजेत सरकारी दवाखान्याच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीची तपासणी नि समुपदेशन होतं त्या खोलीत, बारा वर्षं काम केलेलं. सुईनं कसं होतं, कसं होत नाही, हे हजारदा लोकांना सांगितलेलं. पण जाऊबाईंपुढं माझं कधी काही चाललेलं नाही. पुडी बॅगेत गेली.

आमच्या प्रशिक्षणात भिंतीवर एचआयव्हीच्या प्रमाणानुसार रंगवलेला आफ्रिकेचा एक नकाशा असायचा. वरचा भाग फिकट पिवळा, खाली येईल तसा केशरी, आणि टोकाला सुकलेल्या रक्तासारखा गडद लाल. शिकवणारे त्याच्याकडं बोट करून म्हणायचे, "वेळीच जागे झालो नाही तर आपलाही आफ्रिका होईल." हे वाक्य मीही पुढं ट्रकवाल्यांना, कॉलेजच्या पोरांना, महिला मंडळांत बिनदिक्कत ऐकवलं. भाची चार वर्षं जोहान्सबर्गला नोकरीला आहे. "मावशी, आता रिकामी आहेस, ये की," असं तिनं म्हटल्यावर मी अट घातली : सिंह-जिराफ नकोत, मला तो गडद लाल भाग दाखव.

मुंबईहून थेट विमान नाही. आदिस अबाबाला उतरून दुसरं विमान. पुढच्या सीटच्या पाठीवरच्या पडद्यावर विमानाचं इवलंसं चित्र नकाशावरून दक्षिणेकडं सरकत होतं आणि मी वहीत देश लिहीत बसले. इथिओपिया : १५ ते ४९ वयाच्या शंभर माणसांत एकालाही पुरती लागण नाही. केनिया : तीनेक. टांझानिया : चारच्या आसपास. मलावी : सात. झांबिया आणि झिंबाब्वे : दहाच्या घरात. जेवण येईपर्यंत आम्ही एकावरून दहावर आलो होतो आणि खाली जमीन तशीच तपकिरी दिसत होती.

नकाशाचा उरलेला भाग मला पाठ होता. नायजेरियात शंभरात एकाहून थोडे जास्त. सेनेगलमध्ये तीनशेत एखादा. इजिप्त, अल्जीरियात हजारात एक किंवा त्याहूनही कमी, म्हणजे भारतापेक्षाही कमी. आपल्याकडं हजारात दोन. "आपला आफ्रिका होईल" म्हणजे यातला नेमका कुठला, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हापासून छळते. हा विषाणू चिंपांझीतून माणसात आला तो आग्नेय कॅमेरूनच्या बाजूला. तिथून तो आजच्या किन्शासाला, लोकशाही काँगोच्या राजधानीला, पोचला आणि १९२०च्या आसपास तिथं पसरू लागला, असं शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांवरून काढलंय. माणसाच्या रक्तात सापडलेला सर्वांत जुना नमुनाही किन्शासाचाच, १९५९चा. म्हणजे काँगोत तो शंभर वर्षं मुरलेला आहे. तरी काँगोत आज शंभरात एकही नाही. आणि जिथं तो बराच उशिरा पोचला, त्या दक्षिणेच्या टोकाला चौघांत-पाचांत एक. दक्षिण आफ्रिकेत १९९०मध्ये गरोदर बायांची पहिली देशव्यापी तपासणी झाली तेव्हा शंभरात एकही पुरती पॉझिटिव्ह नव्हती. १९९४मध्ये साडेसात झाल्या. २००५मध्ये तीस.

पंधरा वर्षांत हे कशानं झालं, ते बघायला मी निघाले होते.

दुसरा दिवस : जोहान्सबर्ग

भाचीच्या घराच्या गच्चीवरून दूरवर पिवळट, सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतात. मला वाटलं डोंगर. "डोंगर कुठले मावशी, सोनं काढून टाकलेली माती आहे ती." १८८६मध्ये इथं सोनं सापडलं आणि शहर उभं राहिलं. सोनं खोल, दगडात विरळ. ते काढायला माणसं लागणार भरपूर आणि स्वस्त. ती आणली लेसोथोहून, स्वाझीलँडहून, मोझांबिकहून, मलावीहून.

न्यूटाउन भागात वर्कर्स म्युझियम आहे. नगरपालिकेच्या कामगारांचं जुनं वसतिगृह जसंच्या तसं ठेवलंय. लांबलचक खोल्या, भिंतीला लागून सिमेंटचे कट्टे. या कट्ट्यांवर माणसं झोपायची. सतरंजीला जागा, ट्रंकेला जागा, बायकोला नाही. खाणींची वसतिगृहंही अशीच, फक्त हजारोंची. करार वर्षा-वर्षाचा, कुटुंब आणायला कायद्यानं बंदी, घरी जायचं वर्षातून एकदा. त्या कट्ट्यावर मी टेकून बघितलं. एप्रिल म्हणजे तिथला शरद ऋतू, दुपारची वेळ. तरी पाठीला सिमेंट गार लागलं. अशा ठिकाणी हजारो तरुण पुरुष वीस-वीस वर्षं राहिले. वस्तीच्या कुंपणाबाहेर दारू, कुंपणाबाहेर बाया, आणि गावाकडं नवऱ्याची वाट बघणारी, कधी त्याचे पैसेच न आल्यानं दुसऱ्या कुणाच्या आधारानं दिवस काढणारी बायको. विषाणू नंतर आला. रस्ते शंभर वर्षं आधीच तयार होते.

मिरजेत आम्ही ट्रकवाल्यांची यादी करायचो, बायांची यादी करायचो. 'हाय रिस्क' माणसांची. कट्ट्यावर बसल्यावर वाटलं, या इमारतीचीही एक यादी करायला हवी होती.

दुपारी कॉन्स्टिट्यूशन हिल. जुन्या तुरुंगाच्या जागी संविधान न्यायालय उभारलंय, २००४मध्ये, तुरुंगाच्याच विटा वापरून. गांधीजी इथं कोंडलेले होते, पुढं मंडेलाही. मला मात्र ते न्यायालय बघायचं होतं एका वेगळ्या निकालासाठी. थाबो म्बेकी राष्ट्राध्यक्ष असताना एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच सरकारनं शंका घेतली. आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबाचं माहात्म्य सांगत होत्या. आईकडून बाळाला होणारी लागण टाळणारं नेव्हिरॅपिन हे औषध सरकार मोजक्या दवाखान्यांबाहेर द्यायला तयार नव्हतं. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या संघटनेनं खटला भरला आणि जुलै २००२मध्ये या न्यायालयानं (तेव्हा ते भाड्याच्या जागेत भरायचं) सरकारला औषध द्यायला लावलं. औषधं उशिरा दिल्यानं किमान ३ लाख ३० हजार माणसं हकनाक गेली, असा हिशोब हार्वर्डच्या संशोधकांनी २००८मध्ये मांडला. इचलकरंजी शहराहून मोठा आकडा. याच न्यायालयात पुढं एडविन कॅमेरॉन दहा वर्षं न्यायाधीश होते, आणि आपण एचआयव्ही पॉझिटिव्ह आहोत हे त्यांनी १९९९मध्येच जाहीर केलेलं होतं. आपल्याकडच्या कुठल्या कोर्टातल्या कुणाचं नाव असं आठवतं का, बघत होते. नाही आठवलं.

तिसरा दिवस : जोहान्सबर्ग – एस्वातिनी

सकाळी सहाला निघालो. भाचीला रस्त्यावर मक्याची कणसं दिसली की थांबायचं असतं, त्यामुळं चार तासांचे सहा झाले. एर्मेलोपर्यंत सपाट माळ, मका आणि कोळशावरच्या विद्युतकेंद्रांची धुराडी. मग हिरव्या टेकड्या आणि ओशोक-न्ग्वेन्याची सीमा. न्ग्वेन्या म्हणजे मगर. शिक्का मारायच्या खिडकीशेजारी फुकट कॉंडोमचा डबा, आमच्याकडं देवळात अंगाऱ्याचं ताट ठेवावं तितक्या सहज. पुढच्या बाईनं मूठभर घेतले, पर्समध्ये टाकले आणि मग पासपोर्ट पुढं केला.

२०१८पर्यंत या देशाचं नाव स्वाझीलँड होतं. लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याहूनही कमी. जगात एचआयव्हीचं प्रमाण सर्वांत जास्त इथं : प्रौढांत चौघांत एक. गरोदर बायांच्या तपासणीत १९९२मध्ये शंभरात चार होत्या, २००४मध्ये त्रेचाळीस. १९९९मध्ये राजानं राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. २००१मध्ये अठराच्या आतल्या मुलींनी पाच वर्षं पुरुषापासून लांब राहावं म्हणून त्यांनी गोंडे बांधायची जुनी रीत पुन्हा लागू केली, आणि थोड्याच दिवसांत सतरा वर्षांची वधू निवडली. टीका झाल्यावर महाराजांनी स्वतःला एका गाईचा दंड ठोठावला. भाची म्हणाली, "हे इथं मोठ्यानं बोलायचं नाही." म्हणून घरी येऊन लिहितेय.

एझुलविनी खोऱ्यात मुक्काम. एझुलविनी म्हणजे स्वर्ग. खोरं खरंच देखणं आहे. जेवायला लिपालिशी, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि वर आंबट दही, त्याला एमासी म्हणतात. ताक-कण्या खाऊन वाढलेल्या माणसाला काही वेगळं लागत नाही.

चौथा दिवस : मान्झिनीजवळचं एक गाव

हा दिवस मी कधी विसरणार नाही.

एस्वातिनीत रुरल हेल्थ मोटिव्हेटर असतात. १९७०च्या दशकापासून आहेत, म्हणजे आपल्या आशाताईंच्या कितीतरी आधीपासून. गावातलीच बाई, तुटपुंजं मानधन, वाटून दिलेली घरं. गेस्टहाउसच्या मालकिणीच्या ओळखीनं अशा एकीकडं गेलो. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. मी तिला 'माके' म्हणायचं, म्हणजे आई, बाई, सगळं त्यात आलं. "सावुबोना, माके." "येबो." एवढं येऊन माझं सिस्वाती संपलं, पुढचं तिच्या आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत.

तिच्या वाटणीची घरं पायी फिरलो. एका घरी गोगो, म्हणजे आजी, आणि चार नातवंडं. दुसऱ्या घरी गोगो आणि दोन. तिसऱ्या घरीही तेच. मधली पिढी अंगणाच्या कडेला. दगडांच्या कडा लावलेली थडगी मोजायचं मी तिसऱ्या घरानंतर सोडून दिलं. माके म्हणाली, "२००३-०४ला दर शनिवारी एक तरी मयत. कधी दोन. मग ठरवावं लागायचं, कुणाच्या घरी आधी जायचं." त्या वर्षांत या देशातलं सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आसपास घसरलं होतं.

"आणि आता?"

"आता शनिवारी लग्नंसुद्धा असतात."

मग मी तिला तो प्रश्न विचारला जो घरून घेऊन आले होते. इतकी औषधं आली, इतकं काम झालं, तरी तुमचा टक्का चौथाईच्या खाली फारसा का येत नाही? ती थांबली. शिकवणीतल्या मंद मुलीकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं. "माणसं मरेनाशी झाली ना! गोळ्या खाऊन म्हातारी होताहेत. ती त्या टक्क्यात राहणारच."

बारा वर्षं हे काम केलेली मी, आणि हे मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. टक्का म्हणजे आज जिवंत असलेल्यांपैकी किती जणांत विषाणू आहे. माणसं पटापट मेली तरी टक्का उतरतो. औषध मिळून ती जगली की टक्का वर राहतो. नवीन लागण किती होते हा आकडा वेगळाच, आणि तो या देशात २०११ ते २०१६ या पाच वर्षांतच जवळपास निम्म्यावर आला. भिंतीवरच्या नकाशात तो रंग कुठंच नव्हता. १९९५चं गडद लाल आणि २०२५चं गडद लाल एकाच डब्यातला रंग लावून रंगवलेले होते. एकात माणसं मरणाच्या रांगेत, दुसऱ्यात शेळ्या राखताहेत.

तिनं उलटा प्रश्न केला. "तुमच्या देशात किती?" मी जरा ताठ होऊनच सांगितलं, हजारात दोन. ती कौतुकानं हं म्हणाली. मग : "आणि त्यातल्या किती जणांना माहीत आहे की आपल्याला आहे?"

९५-९५-९५ हे तिथं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. लागण असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना ती माहीत हवी, त्यांतल्या ९५ टक्क्यांना गोळ्या चालू हव्यात, त्यांतल्या ९५ टक्क्यांच्या रक्तात विषाणू दबलेला हवा. एस्वातिनीनं हे २०२०मध्येच गाठलं. भारताचा पहिला आकडा तेव्हा ८१ होता. मी सांगितला. पंचवीस लाखांतले उरलेले एकोणीस टक्के म्हणजे पावणेपाच लाख होतात, तिच्या देशातल्या सगळ्या पॉझिटिव्ह माणसांच्या दुप्पट. ती काही बोलली नाही. किटलीत पाणी टाकायला उठली.

बिस्किटं काढताना बॅगेतून जाऊबाईंची पुडी खाली पडली. "हे काय?" आता काय सांगायचं? सांगितलं खरं. ती इतकी हसली की शेजारची गोगो बघायला आली, मग तिला सांगितलं, मग तीही हसली. माझे कान गरम झाले होते. शेवटी माकेनंच विषय बदलला. कपाटातून गोळ्यांची पांढरी बाटली काढून दाखवली. स्वतःची. २००६पासून चालू. तिनं बाटलीत कापूस भरला होता. "बॅगेत खुळखुळ वाजते. बसमध्ये सगळ्यांना कळतं." मिरजेत आमच्या बाया एआरटी सेंटरच्या, म्हणजे या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या, गेटबाहेरच बाटली फेकून गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून घ्यायच्या, ते याचसाठी.

बाटलीवर बारीक अक्षरात 'मेड इन इंडिया'. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसुफ हमीदांनी तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा तोच कोर्स बड्या कंपन्या दहा हजार डॉलरच्या वर विकत होत्या. दिवसाला एक डॉलर. तिथून भाव घसरत गेला आणि आज आफ्रिकेतल्या बहुतेक गोळ्या भारतीय कारखान्यांतून येतात. माकेला मुंबई माहीत नव्हती. हैदराबाद माहीत होतं, लेबलवर असतं म्हणून.

निघताना रस्त्याकडेला एक पांढरी व्हॅन उभी दिसली, टायरात हवा कमी. फिरता दवाखाना. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत एकाएकी थांबवली, तेव्हापासून ती तिथंच आहे. "गोळ्या मिळताहेत," माके म्हणाली, "पण त्या घेऊन घरोघर जाणारी पोरं घरी बसलीत."

पाचवा दिवस : बिग बेंड – लावुमिसा – मटुबाटुबा

बिग बेंडला पोचलो आणि मला सांगलीलाच आल्यासारखं वाटलं. दोन्ही बाजूंना ऊस, मळीचा वास, कारखान्याची चिमणी. भाचीनं काच वर केली, मी खाली केली.

लावुमिसाला सीमा ओलांडली की क्वाझुलु-नाताल. दक्षिण आफ्रिकेतल्या सर्वांत जास्त लागण असलेल्या प्रांतांपैकी एक. देशाचं एकूण प्रमाण प्रौढांत शंभरात सतराच्या आसपास, पण केप टाउनचा वेस्टर्न केप प्रांत आणि हा, यांत दुपटीचा फरक. म्हणजे देशाला एक रंग देणं हीसुद्धा नकाशावाल्यांची सोयच. केनियात तर २०१८च्या पाहणीत व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या होमा बे परगण्यात शंभरात वीसच्या घरात होते आणि सोमालियाच्या सीमेकडं शंभरात एकही नाही. सरासरी काढून दोघांनाही केशरी फासतात.

मटुबाटुबाजवळ सोमखेले इथं २०००पासून हजारो घरांची नोंद ठेवणारं संशोधन केंद्र आहे. आत जायची परवानगी नव्हती, बाहेरून बघितलं. डोंगरमाथ्यावर कमानदार इमारत, खाली विखुरलेली घरं. या नोंदींवरून कळलं की इथल्या प्रौढांचं आयुर्मान २००३मध्ये ४९ वर्षं होतं आणि सरकारी दवाखान्यांत गोळ्या सुरू झाल्यावर २०११मध्ये ६० झालं. आठ वर्षांत अकरा वर्षं. आणि हेही कळलं की लागण सगळीकडं सारखी नाही, मोठ्या हमरस्त्याकडच्या वस्त्यांत ती दाटलेली आहे. आम्ही त्याच एन-टू रस्त्यावर चहा प्यायला थांबलो. कागल-कराडच्या धाब्यांवर आमचे बॅनर लागायचे तसेच इथं.

सुंता हाही या नकाशाचा एक मोठा धागा आहे आणि आपल्याकडं त्यावर बोलताना लोक चाचरतात. जोहान्सबर्गजवळच्या ऑरेंज फार्ममध्ये २००५मध्ये झालेल्या चाचणीत दिसलं की सुंता झालेल्या पुरुषांना लागणीचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी. पुढं केनिया-युगांडातही तेच दिसलं. पश्चिम नि उत्तर आफ्रिकेत सुंता जवळपास सगळ्यांची होते. झुलूंमध्येही होती, पण शाका राजाच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ती प्रथा मोडली. २००९मध्ये झुलू राजानं ती पुन्हा सुरू करायचं आवाहन केलं, यावेळी दवाखान्यात.

सहावा दिवस : डर्बन

समुद्र, दमट हवा, आणि फूटपाथवर मसाल्यांची दुकानं. इथल्या भारतीयांचे पूर्वज बहुतेक तमिळ, तेलुगू, भोजपुरी बोलणारे, उसाच्या मळ्यांत गिरमिटिया म्हणून आलेले. मराठी कानावर पडलं नाही. बनी चाउ खाल्ला : पाव पोखरून आत रस्सा. मिसळीच्या गावाहून आलेल्या माणसाला पाव पोखरायचं सुचलं नाही याचं वाईट वाटलं.

किंग्जमीड क्रिकेट मैदानावर मात्र मी मुद्दाम गेले. जुलै २०००मध्ये जागतिक एड्स परिषदेचं उद्घाटन इथं झालं. अकरा वर्षांचा एन्कोसी जॉन्सन, जन्मतःच लागण झालेला, सूट घालून व्यासपीठावर उभा राहिला आणि आम्हीही माणसंच आहोत असं जगाला सांगितलं. वर्षभराच्या आत, १ जून २००१ला, तो गेला. मैदान बंद होतं. फाटकाच्या फटीतून गवत दिसलं, तेवढंच.

डर्बनला कॅप्रिसा ही संशोधन संस्था आहे. कुरैशा आणि सलीम अब्दुल करीम हे भारतीय वंशाचं शास्त्रज्ञ दांपत्य तिच्या उभारणीमागं आहे. कुरैशांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच एक गोष्ट दाखवून दिली होती : इथं कोवळ्या मुलींना त्यांच्याच वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त लागण होते. मग त्यांना ती देतं कोण? २०१७मध्ये विषाणूंची जनुकं जुळवून बघितली. पंचविशीच्या आतल्या मुलींना ती सरासरी साडेआठ-नऊ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून येते. फोनचं रिचार्ज, कॉलेजची फी, घरातला किराणा देणारा कुणी 'अंकल'. इथं त्याला 'ब्लेसर' म्हणतात, आशीर्वाद देणारा! त्या पुरुषाला ती लागण त्याच्या वयाच्या बाईकडून आलेली असते, आणि ती बाई दहा वर्षांपूर्वी अशीच कुणाची तरी मुलगी होती. चरकासारखं फिरतं हे.

विषाणूचा इथला उपप्रकार 'सी'. आपल्याकडंही मुख्यतः सीच. म्हणजे मिरजेतला आणि डर्बनचा जंतू एकाच घराण्यातला. जंतू तोच, दोन देशांचा टक्का मात्र पन्नास पटींहून वेगळा.

एक चांगली बातमीही इथूनच घ्यावी. लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुण मुलींना चाचणीत ते दिलं आणि २०२४मध्ये निकाल आला : एकीलाही लागण नाही. इथल्या सुईला घाबरणाऱ्या जाऊबाईंना हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं बरं, पण सिरिंज कुणाची होती?"

सातवा दिवस : डर्बन – लेसोथो

नुसता प्रवास. पीटरमॅरिट्झबर्गचं स्टेशन, जिथं गांधीजींना १८९३मध्ये गाडीतून उतरवलं, दहा मिनिटं थांबून बघितलं. व्हॅन रीनन घाट, हॅरिस्मिथ, बेथलेहेम, लाल-पिवळे सुळके. फिक्सबर्गला पूल ओलांडला की लेसोथो, मापुत्सोए गाव. संध्याकाळी पाचला कपड्यांच्या कारखान्यांच्या फाटकांतून बायांचा लोंढा बाहेर पडत होता. जीन्स शिवणाऱ्या. त्यांत पुरुष शोधावे लागत होते.

आठवा दिवस : टेयातेयानेंग

या नावाला सगळे टी-वाय म्हणतात, मीही तेच करते. हातमागावर मोहेरच्या लोकरीचे गालिचे विणणारं गाव. लेसोथो चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला, सगळा देश डोंगरावर, कुठलाही बिंदू समुद्रसपाटीपासून साधारण १,४०० मीटरच्या खाली नाही. प्रमाण पाचांत एकाच्या आसपास. इथं मुलांना वयात येताना दीक्षा आणि सुंता होते, तरी प्रमाण इतकं. पारंपरिक सुंतेत कातडी पुरती काढतातच असं नाही, हे त्याचं एक कारण. बाकीचं कारण गेस्टहाउसच्या फाटकावर घोंगडी पांघरून बसलेलं होतं.

तो रखवालदार. साठी उलटलेला, डोक्यावर गवताची टोकदार टोपी, बोलताना मध्येच खोकल्याची उबळ. बावीस वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमच्या सोन्याच्या खाणीत. १९९०च्या सुमारास या एवढ्याशा देशातले सव्वा लाखाच्या आसपास पुरुष तिकडच्या खाणींत होते. मग सोन्याचा भाव पडला, खाणी आटल्या, आणि ते फुप्फुसात दगडाची धूळ घेऊन परत आले. सिलिकोसिस. कामगारांच्या खटल्यात २०१८मध्ये खाणकंपन्यांनी तडजोड केली, पाच अब्ज रँडची. यानंही अर्ज केलाय. बायको २००५मध्ये गेली. कशानं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तो स्वतः रात्री आठला गोळी घेतो, हे मात्र आपणहून सांगितलं.

मला कुठून आलीस विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडं खाणी नाहीत, ऊस आहे. ऊस तोडायला बीडकडून लोक येतात, सहा महिन्यांसाठी, मुकादमाकडून उचल घेऊन. आमच्याकडं त्यांना माणसांनी मोजत नाहीत, कोयत्यानं मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पुरुष आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात.

त्यानं मला ते दोनदा सांगायला लावलं. "बायको बरोबर? कंपनी परवानगी देते?"

"परवानगी कसली, जोडी नसेल तर मुकादम पुरती उचल देत नाही."

"रोज रात्री बरोबर?"

मी घाईनं सांगायला लागले की यात चांगलं काही नाही, पोरांची शाळा बुडते, बायांच्या पिशव्या काढतात, पाचटाच्या खोपीत राहतात, वाकून आत शिरावं लागतं, पाऊस आला की सगळं भिजतं. भाचीनं 'खोप'ला इंग्रजी शब्द शोधला. तो ऐकत होता. खोकला आला, थांबला. घोंगडी नीट केली.

"खोप चालली असती," तो म्हणाला, आणि आमच्या गाडीसाठी फाटक उघडायला उठला.